जुन्या करिझ्माला नवी चाकं, शॉकअप आणि कार्बोरेटर: ‘फुल सेट’चा हिशोब

2003 साली आलेली हिरो होंडा करिझ्मा आणि 2007 ची करिझ्मा आर अजूनही सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर टिकून आहेत. 223 सीसीचं एअर कूल्ड इंजिन, साधारण 17 बीएचपी, पुढे 276 मिमीची डिस्क, मागे 130 मिमीचा ड्रम. साताऱ्याहून बेळगावला जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हटलं तरी इंजिन कुरकुरत नाही. गाडीचं वय कळतं ते अरुंद टायरांवरून, ब्रेक मारला की वाकणाऱ्या पुढच्या शॉकअपवरून आणि सकाळी चोक ओढूनही फुरफुरणाऱ्या कार्बोरेटरवरून. यावर गॅरेजमधून एकच सल्ला मिळतो: पल्सर 220 ची चाकं, पल्सर 220 चा शॉकअप, केहिन कंपनीचा पीई 28 कार्बोरेटर, ‘फुल सेट करून टाकू’.

तो सेट जसाच्या तसा घेऊ नये, हा आमचा निकाल. चाकं आणि टायर यांवर पैसे घालावेत. शॉकअपचं काम आतून करून घ्यावं, अख्खा बदलू नये. नव्या कार्बोरेटरची तर दहातल्या आठ करिझ्मांना गरजच नसते. ही उपयोगाची कामं आणि गॅरेजमध्ये सुचवली जाणारी कामं यांचा क्रम बरोबर उलटा आहे, कारण कार्बोरेटर बदलायला एक दुपार लागते आणि शॉकअप नीट भरायला दोन दिवस.

आधी चाकं. मूळ करिझ्माला पुढे 2.75-18 आणि मागे 100/90-18, दोन्ही ट्यूबवाले. पुढचा टायर 42 पी, म्हणजे 150 किलो भार आणि ताशी 150 किमीचा वेग. कागदावर पुरेसा आहे, पण पावसात यवतेश्वरच्या वळणांवर त्याची रुंदी कमी पडते. ऊस हंगामात ट्रॉल्यांतून पडलेली कांडी आणि चिखल यावरून पुढचं चाक सरकतं, ते याच टायरमुळे.

सोपा मार्ग 18 इंचातच राहण्याचा. 2009 च्या करिझ्मा झेडएमआरला पुढे 80/100-18 आणि मागे 100/90-18 ट्यूबलेस होते. जुन्या बाजारात ही चाकं मिळाली तर पहिली पसंती त्यांना. फरक आकड्यात बघा. 2.75-18 ची उंची कागदावर साधारण 597 मिमी, 80/100-18 ची 617. म्हणजे गाडीचं नाक 10 मिमी वर जातं. शॉकअपचे पाइप टीमधून (दोन्ही पाइप हँडलखाली धरून ठेवणाऱ्या पट्टीतून) तेवढेच वर सरकवले की हिशोब मिटतो. हे न करता गाडी चालवली तर ती वळायला किंचित आळशी होते आणि दोष टायरवर जातो.

झेडएमआरच्या मागच्या चाकाला 240 मिमीची डिस्क आहे. फक्त चाक आणून भागत नाही. मास्टर सिलिंडर, पेडल, होज, कॅलिपर आणि त्याची ब्रॅकेट अशी सगळी वरात मागवावी लागते. ड्रम ठेवायचा असेल तर पुढचं चाक झेडएमआरचं आणि मागचं मूळचंच ठेवून फक्त चांगला टायर घालणं जास्त शहाणपणाचं. पुढच्या चाकात एक अडचण आहे. जुन्या करिझ्माचा स्पीडोमीटर पुढच्या हबमधल्या गिअरवर, केबलने चालतो. झेडएमआरचा मीटर डिजिटल. हबमध्ये गिअरची जागा आहे की नाही हे दुकानातच, जुना गिअर हातात धरून बघावं.

17 इंची पल्सर 220 ची चाकं म्हणजे पुढे 90/90-17 आणि मागे 120/80-17. पुढची उंची 594 मिमी, मूळच्या जवळपास तेवढीच. मागची 624, मूळच्या 637 पेक्षा 13 मिमी कमी. त्यामुळे मागची बाजू साडेसहा मिमी खाली बसते आणि त्याच आरपीएमला वेग दोन टक्के कमी पडतो. हे दोन्ही चालून जाईल. गाडी रस्त्यावर रुंद आणि भरल्यासारखी वाटते, घाटात झुकवताना भरवसा येतो, हे खरंच. डोकेदुखी असते ती बसवण्यात.

हबमधल्या बेअरिंगवरचा नंबर वाचायची सवय लावा. 6201 किंवा 6301 असेल तर आतलं भोक 12 मिमी, 6202 किंवा 6302 असेल तर 15, 6203 किंवा 6303 असेल तर 17. ॲक्सल आणि भोक जुळत नसेल तर लेथवर बुश काढतात. बुश काढायला हरकत नाही, पण तो हाताने सरकणारा सैल नको आणि हातोडीने ठोकावा लागणाराही नको. त्याहून महत्त्वाची आहे दोन बेअरिंगच्या मधली नळी. ती अर्धा मिमी जरी आखूड पडली तरी ॲक्सलचा नट आवळला की बेअरिंग बाजूने दाबली जातात, चाक जड फिरतं आणि थोड्याच दिवसांत गुरगुर सुरू होते. मग ‘डुप्लिकेट बेअरिंग लागली’ म्हणून दुकानदाराला शिव्या. तपासायला सोपं आहे: नट पूर्ण आवळल्यावर चाक बोटाने फिरवा, नट सैल असताना फिरत होतं तसंच फिरायला हवं.

मागे चेनची लाइन सुतळीने बघा. मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडावर सुतळी सपाट धरून पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत ताणली की तिरकेपणा लगेच दिसतो. दोन-तीन मिमीचा फरक शिम घालून निघतो. त्याहून जास्त असेल तर चाकच मध्यावर नाही. 120 चा टायर चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) आणि चेनगार्डला घासत नाही ना, हेही मागे माणूस बसवून बघायचं. गाडी स्टँडवर असताना सगळंच छान दिसतं.

मूळच्या मागच्या रिमवर 120 चा टायर चढवून देणारे भेटतील. तो चढतो, पण बसत नाही. 120 ला 2.50 ते 3.00 इंच रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर टायर आवळला जाऊन मधोमध उंच होतो, सरळ रस्त्यावर मधला पट्टा झिजतो आणि कडा कोऱ्या राहतात. तसंच ट्यूबवाल्या रिमवर ट्यूब काढून, व्हॉल्व्ह लावून ‘ट्यूबलेस’ करून देण्याचा प्रकार. ट्यूबलेस रिमच्या आत टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असतो, ट्यूबच्या रिमला तो नसतो. हवा कमी झाली आणि त्याच वेळी वळण आलं तर कड सुटते. हे काम फुकट करून दिलं तरी घेऊ नये. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. 18 इंची टायरला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे तालुक्याच्या दुकानांत जुना माल पडून असतो.

आता शॉकअप. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे.

पल्सर 220 चा 37 मिमी पाइपचा शॉकअप करिझ्मावर बसतो का? बसवणारे बसवतात. त्यासाठी वरची आणि खालची दोन्ही टी बदलावी लागते, स्टेम प्रेसवर काढून उंची जुळवावी लागते, कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) वेगळा लागतो. 220 ची पुढची डिस्क वेगळ्या मापाची, म्हणजे कॅलिपर आणि चाक दोन्ही तिकडचंच घ्यायचं आणि चालता स्पीडोमीटर घालवायचा. एवढं करून हँडल पूर्ण वळवलं की पाइप टाकीला किंवा फेअरिंगला टेकत नाही ना, ते बघायचं. स्टेमवर वेल्डिंग केलेलं दिसलं तर तिथून सरळ निघावं. घाटात ब्रेक मारताना सगळा भार त्या एका जोडावर येतो आणि तो तुटायच्या आधी काही सांगत नाही.

करिझ्माचा शॉकअप खराब नसतो, तो मेलेला असतो. पंधरा-वीस वर्षं तेच ऑइल किंवा, त्याहून वाईट, कुणीतरी ओतलेलं इंजिनचं 20डब्ल्यू-50. घट्ट ऑइल घातल्यावर पार्किंगमध्ये दाबून बघितलं की शॉकअप कडक लागतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण आतली रचना साधी आहे. नळीला ठरावीक भोकं आणि त्यातून ऑइल ढकललं जातं. खड्ड्यावर चाक झटक्यात वर येतं तेव्हा घट्ट ऑइल त्या भोकांतून वेळेत निघू शकत नाही आणि दणका थेट मनगटात येतो. हायवेवर शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामातले सर्व्हिस रोड अशा शॉकअपवर पार केले की दुसऱ्या दिवशी हात उचलत नाही. फोर्क ऑइल 10डब्ल्यू घ्यावं. नेहमी मागे माणूस आणि सामान असेल तर 15डब्ल्यू. त्यापुढे नको.

काम कसं व्हायला हवं ते माहीत असलं तर गॅरेजमध्ये उभं राहून बघता येतं. इंजिनखाली ठोकळा देऊन पुढचं चाक काढायचं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, सुतळीने बांधायचा. पाइप टीमध्ये असतानाच वरचा बोल्ट जरा सैल करून ठेवायचा. खालचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सोडायचा, कारण स्प्रिंगच्या दाबानेच आतली नळी जागेवर राहते. स्प्रिंग आधी काढली तर बोल्टसोबत नळीही फिरत राहते, मग मिस्त्री छिन्नी शोधायला लागतो. त्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवाच घालायचा. सील बदलूनही ऑइल खालून गळतं ते बहुतेक या वॉशरमुळे.

निघालेल्या ऑइलमध्ये चंदेरी चमक असेल तर आतलं ॲल्युमिनियम किंवा बुश झिजतोय. पाइप व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेजने बघायचा, 0.2 मिमीच्या वर वाक असेल तर बाद. कुपवाड किंवा शिरोली एमआयडीसीच्या पट्ट्यात डायल गेज असलेला लेथवाला शोधायला वेळ लागत नाही. टेबलावर गोल फिरवून ‘सरळ आहे’ म्हणणाऱ्याकडे पाइप देऊ नये. क्रोमवर नख फिरवा. जिथे सील वरखाली होतं त्या पट्ट्यात नख अडकलं तर नवं सीलही लवकरच फाटणार. तिथे पुन्हा क्रोम किंवा दुसरा पाइप. त्या पट्ट्याच्या वर, टीजवळ, गंजाचे टिपके असतील तर ते फक्त दिसायला वाईट.

सील बसवताना पाइपच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून त्यावरून सील सरकवायचं, नाहीतर धारदार कडेने ओठ कापतो. आत ठोकायला पाइपच्या मापाची पीव्हीसी नळी, स्क्रू ड्रायव्हर नव्हे. ऑइल लिटरच्या मापात नाही, पातळीत भरायचं: स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, दहा-बारा वेळा पंप करून हवा काढलेली, मग वरच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा घ्यावा, पण दोन्ही बाजूंत 2 मिमीपेक्षा जास्त फरक नको. हे अंतर 10 मिमीने कमी केलं, म्हणजे ऑइल वाढवलं, तर शॉकअप शेवटच्या टप्प्यात कडक होतो आणि ब्रेकवर तळाला आपटणं थांबतं. त्याहून जास्त भरलं तर सीलवर दाब येऊन ते बाहेर फेकलं जातं.

शेवटी स्प्रिंगवरचा स्पेसर. पाइपला केबल टाय बांधा, नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसा, उतरा आणि टाय किती सरकला ते मोजा. एकूण चालीच्या 30 ते 35 टक्के खाली बसायला हवं. 130 मिमी चाल असेल तर 40 ते 45 मिमी. जास्त बसत असेल तर स्प्रिंगवर पीव्हीसी नळीचा 10 मिमीचा तुकडा घाला आणि पुन्हा मोजा. कडा काटकोनात कापलेल्या आणि दोन्ही बाजूंना स्टीलचा वॉशर, एवढंच पथ्य. चाक बसवल्यावर ॲक्सल आवळा, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा पंप करा आणि मगच खालच्या टीचे बोल्ट आवळा. आधी आवळले तर दोन्ही पाइप एकमेकांना ओढत राहतात आणि शॉकअप अडखळतो.

ब्रेकवर ‘टक्’ आवाज येत असेल तर शॉकअपला हात लावण्याआधी कोनसेट बघा. चाक उचलून शॉकअपची खालची टोकं पुढे-मागे ओढली की खेळ जाणवतो. हँडल मधोमध अडकल्यासारखं होत असेल तर छर्ऱ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. तिथे टेपर रोलरचा सेट बसवला तर गाडी ताशी 90 च्या वर डोलणं बंद होतं. खर्चाच्या मानाने इतका फरक दुसऱ्या कुठल्याही एका पार्टने पडत नाही.

राहिला कार्बोरेटर, म्हणजे पोरांचा आवडता विषय. करिझ्माचा मूळ कार्बोरेटर सीव्ही जातीचा: थ्रॉटल फिरवला की फक्त फुलपाखरू उघडतं, स्लाइड मात्र इंजिनच्या ओढीवर रबरी पडद्याने उचलली जाते. त्यामुळे एकदम मूठ पिळली तरी इंजिन गुदमरत नाही. पीई 28 मध्ये स्लाइड थेट वायरने उचलली जाते. चौथ्या गिअरमध्ये 2,500 आरपीएमवर मूठ पूर्ण पिळली की हवा एकदम वाढते, पेट्रोल मागे राहतं आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. वर 6,000 च्या पुढे मात्र बुंगाट पळते, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. खंबाटकीत ट्रकमागून निघताना लागतो तो खालचा पट्टा.

बाजारात बहुतेक पीई 28 नकली असतात. दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या नगाची स्लाइड बाहेर काढून परत आत सोडा आणि बोटाने हलवा, खडखडली तर परत करा. जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्यावर) छापलेला नंबर आणि भोकाचं माप जुळेलच असं नाही. फ्लोटची सुई अडकून गाडी साइड स्टँडवर ओव्हरफ्लो होते. सीव्हीची वायर चालत नाही, नवी लागते. ज्या गाडीच्या कार्बोरेटरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सर असतो तिथे तो सेन्सर काढावा लागतो आणि इग्निशनचं टायमिंगही बिघडतं. मॅनिफोल्डच्या रबराचं माप जुळलं नाही तर क्लॅम्पखालून हवा घुसते. आयडलवर इंजिन चालू ठेवून रबराभोवती कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे.

तरीही बसवायचाच असेल तर ट्यूनिंग क्रमाने. थ्रॉटलच्या नळीवर टेप लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा. बंद ते एक अष्टमांश पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, पावपर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण निडल, त्यापुढे मेन जेट. पीई 28 चा स्क्रू हवेचा आहे, आत आवळला की मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. सीव्हीचा बरोबर उलट, बाहेर सोडला की रिच. अर्धी गॅरेजं इथेच चुकतात. केहिनच्या मेन जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिमीच्या शंभराव्या भागात, मिकुनीच्या षट्कोनी जेटचा नंबर वाहणाऱ्या पेट्रोलवरून. दोन्हींची अदलाबदल करू नये. 115 वरून 118 केला की भोकाचं क्षेत्रफळ पाच टक्के वाढतं, म्हणून एका वेळी एकच पायरी.

आता मूळ सीव्हीबद्दल, कारण खरं औषध तिथे आहे. ‘जुना झाला, बदला’ म्हणतात तेव्हा आत साधारण चार गोष्टी झिजलेल्या असतात: पडदा, निडल आणि तिची नळी, फ्लोटची सुई, ओ रिंग. वरचं झाकण काढून पडदा उजेडासमोर धरा. सुईएवढं भोक असलं तरी स्लाइड अर्धीच उचलते आणि गाडी 80 ला अडकते. पडदा कार्ब क्लीनरमध्ये बुडवू नये, रबर फुगतं आणि झाकणात बसत नाही. निडलच्या नळीचं भोक वर्षानुवर्षांच्या घासण्याने लांबट होतं. मायलेज पडण्याचं आणि प्लग काळा होण्याचं हे नेहमीचं कारण, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. निडल आणि नळी जोडीनेच बदलावी. पायलट जेटमध्ये तार घालू नका, अल्ट्रासोनिकमध्ये ठेवा.

इथे पेट्रोलचाही हिशोब करावा लागतो. ई20 मध्ये 20 टक्के इथेनॉल. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला 14.7 पट हवा लागते, ई20 ला साधारण 13.5 पट. म्हणजे त्या काळच्या जेटवर आजची गाडी सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते: उन्हाळ्यात हेड जास्त तापतं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट. मेन जेट एक पायरी वर आणि पायलट स्क्रू पाव ते अर्धा फेरा बाहेर, एवढ्याने बहुतेक गाड्या शांत होतात. उलट सांगली साधारण 550 मीटर उंचीवर आणि महाबळेश्वर 1,350 च्या आसपास. तिथे हवा सुमारे आठ टक्के विरळ, मिश्रण तीन-चार टक्के रिच. म्हणून सांगलीत दोन पायऱ्या वर चढवलेली गाडी पाचगणीच्या पुढे धूर सोडायला लागते. घाटमाथ्यावर नेहमीचं जाणं असेल तर एकच पायरी ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने सोडून द्या. एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावू नका. सीव्हीची स्लाइड डब्यातल्या स्थिर हवेवर अवलंबून असते, आणि कासच्या पावसात कोन फिल्टर भिजला की गाडी तिथेच.

कागदपत्रांचं एक. या गाड्यांना पंधरा वर्षं होऊन गेली, म्हणजे एमएच-11 असो वा एमएच-10, पुनर्नोंदणीसाठी आरटीओपुढे गाडी उभी करावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि 182अ मध्ये प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आतून भरलेला शॉकअप आणि नव्या जेटचा मूळ कार्बोरेटर यावर कुणी बोट ठेवत नाही. दुसऱ्या गाडीचा शॉकअप आणि रुंद चाकं लांबूनच दिसतात. पीयूसीला या गाड्यांची सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा 3.5 टक्के आहे. जेट वाढवल्यावर आयडलचं मिश्रण आधी मशीनवर बघून घ्या, स्क्रू तिथेच पाव फेरा आत घेतला की काम होतं. मूळ चाकं आणि टी भंगारात देऊ नका, पासिंगच्या दिवशी लागतील.